किटमध्ये सगळं आहे

...आणि वर मलाच विचारतो, "साहेब, गेट बंद होतं तर ब्रेक का नाही मारला?" ब्रेक का नाही मारला म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या गेटसमोर सतरा वर्षांत कुणी ब्रेक मारलेला नाही, गरजच पडली नाही, कारण गाडी यायच्या आत गेट उघडलेलं असायचं. आता हे फोनवरच्या त्या माणसाला कसं समजावणार? त्याचं काम किट विकायचं. त्याचं एकच पालुपद, "किटमध्ये सगळं आहे साहेब, फक्त बसवायचं."

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. पहिली गोष्ट म्हणजे गाडी माझी नाही. गाडी दादाची, माझ्या मोठ्या भावाची. लाल, दोन दारांची, शर्यतीच्या जातीची, इतकी बुटकी की उतरताना आधी गुडघे बाहेर काढायचे आणि मग उरलेला माणूस. दादा वेल्डर होता, बॉयलरच्या कारखान्यात. ही गाडी त्याने तिसऱ्या हातची घेतली आणि तिचं सगळं स्वतःच्या हाताने केलं. शेडच्या दारावर आतून खडूने यादी लिहिलेली: टायर, बरोबरची खूण. सीट, बरोबरची खूण. सायलेन्सर, बरोबरची खूण. टर्बो... आणि पुढे काही नाही. कारण दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी छातीत दुखतंय म्हणाला, जरा पडतो म्हणाला, आणि पडला तो पडलाच.

तर गाडी माझ्याकडे आली. आणि मी कोण? मी सार्वजनिक वाचनालयात नोकरीला. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसणारा माणूस, आणि कामावर येतो कसा, तर अख्ख्या रस्त्याची झोप उडवत! कारण तो सायलेन्सर. दादाने कारखान्यातल्या उरलेल्या पत्र्याचा बनवलेला. नाव सायलेन्सर, पण सायलेन्सशी त्याचा दुरून संबंध नाही. आधी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग पिंपात बसून कुणी गातंय असं घुमायचं, आणि गिअर खाली टाकला की गाडी दोनदा खोकायची. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला इस्त्री उचलून धरायचा, हात हलेल म्हणून.

आणि आमची गल्ली बघा कशी. अरुंद. लॉन्ड्रीच्या कोपऱ्यापासून गेटपर्यंत वीस सेकंद, डावीकडे वळायचं, उंच भिंतीमुळे गेट वळेपर्यंत दिसतच नाही, आणि वळल्यावर गेट गाडीच्या नाकावर. कडी आतून. म्हणून दादा आणि आईची पहिल्यापासूनची पद्धत, कोपऱ्यावर आवाज आला की आईने उठायचं, कडी काढायची, गेट ढकलायचं, दादा न थांबता थेट शेडमध्ये. तिचे गुडघे गेलेत, बाथरूमपर्यंत जायचं तर भिंत धरते, पण त्या वीस सेकंदांत गेट कधी चुकलं नाही. दादा गेल्यावर मी गाडी चालवायला लागलो, तरीही नाही. रोज सहा वाजता मी कोपऱ्यावर, आई कडीवर. घरात आम्ही दोघंच उरलेलो, आणि मला वाटायचं, चला, आपली कुणी वाट बघतंय.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. यादीत ती एकच खूण राहिली होती ना! दादाची एक इच्छा, तीही राहावी? म्हटलं, आपण लावू टर्बो. आता टर्बो म्हणजे काय, मला कुठे माहीत? पुस्तकं काढून वाचलं. इंजिनातून जो धूर वाया जातो त्याने एक पंखा फिरवायचा, आणि त्या पंख्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. चांगला टर्बो घ्यायचा तर माझा वर्षाचा पगार. मग सापडलं हे स्वस्तातलं किट. फोन केला. "किटमध्ये सगळं आहे साहेब, फक्त बसवायचं." म्हटलं, मला यातलं काही कळत नाही हो. "कळायचं काय त्यात? सगळं आहे!"

आलं खोकं. उघडलं. मी वाचनालयातला माणूस, प्रत्येक वस्तूचं कार्ड केलं. पंखा एक. पाइप सात. इंटरकूलर, म्हणजे ती तापलेली हवा गार करायची मोठी जाळी, एक. बोल्ट चाळीस, त्यातले आमच्या गाडीला बसणारे नऊ. माहितीपत्रक एक, न वाचता येणाऱ्या लिपीत, आणि चित्र ट्रॅक्टरचं. तेल परत जायची नळी चार बोटं आखूड. फोन केला, नळी आखूड आहे. "नाही साहेब, तुमचं इंजिन लांब असेल."

हे सगळं घेऊन गेलो गॅरेजवाल्या काकांकडे. दादाचे जुने दोस्त. टायरच्या दुकानामागे गॅरेज, आणि तोंडात एकच शब्द, "बघू". काका, बसेल का हे? "बघू." काका, किती दिवस? "बघू." काका, इंजिन फुटणार तर नाही? इथे जरा विचार केला त्यांनी... "बघू." चौदा आठवडे लागले! मी तेवढे दिवस बसने जायचो आणि फाटकाच्या छोट्या दारातून गुपचूप आत यायचो. आई विचारायची, "गाडी कधी येणार रे?" रोज. मी म्हणायचो, येईल गं, अशी येईल की बघत राहशील.

जाळी बसवायला पुढचा बंपर कापला. टर्बो बसवायला जुना पाइप आणि तो सायलेन्सर अख्खा काढला, कारण नवा पाइप किटमध्येच. तेव्हा काका एकदाच काय ते वाक्य बोलले, "तो जपून ठेव हं. हाताने केलेली वस्तू आहे." मी हो म्हटलं. घरी आणला, शेडमध्ये ठेवला. पण माझी नोकरीच तसली, दर वर्षी जुन्या पुस्तकांवर 'बाद' असा शिक्का मारून ती बाहेर काढायची. हात सवयीचे झालेत. दारात भंगारवाला आला, मी रिकामं खोकं दिलं, एकतीस बोल्ट दिले, आणि म्हटलं, हाही ने बाबा, गंजलाय. माझ्या हाताने उचलून दिला. जड होता, तर भंगारवाल्याला हातगाडीवर चढवायला मदतसुद्धा केली.

शेवटी तो दिवस आला. सकाळी गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी तरी लॅपटॉप लावून चार गोष्टी समजावल्या (त्या काही किटमध्ये नव्हत्या), काकांनी बॉनेट लावलं, आणि मी घरी येऊन, गाडी आणायच्या आधीच, शेडच्या दारावर 'टर्बो'पुढे बरोबरची खूण केली. खडू तिथेच होता, दादाने ठेवलेला.

संध्याकाळी ती बाहेर काढली. तुम्हाला सांगतो, चाळीसच्या वर कधी न गेलेला माणूस मी. सिग्नल सुटला, पाय टेकवला, आणि मागून कुणी तरी दोन्ही हातांनी ढकललं मला. पाठ सीटला चिकटली, चष्मा नाकावरून कपाळावर! मी मोठ्याने हसलो हो, एकटाच, आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, बघ!" डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या सीटवर तो बसलाय.

त्याच आनंदात कोपरा आला. लॉन्ड्रीवाल्याने वर बघितलं नाही. तिथेच कळायला हवं होतं ना? पण मला कुठलं भान! मी आपला नेहमीसारखा डावीकडे वळलो...

गेट बंद.

मग जो आवाज झाला तो मात्र गल्लीभर ऐकू गेला. बंपर गेला, आणि त्याच्या मागे काय होतं? इंटरकूलर. चौदा आठवड्यांची मेहनत सव्वा सेकंदात चपटी. आणि आतून, भिंत धरत धरत येणाऱ्या आईचा आवाज, "कोण आहे?"

सतरा वर्षांत त्या गेटवर आईने कधी "कोण आहे" विचारलं नव्हतं.

मला नंतर कळलं. टर्बोचा पंखा धुराच्या वाटेतच बसतो ना, तो आवाज खातो. वर नवा सायलेन्सर. त्या गाडीचा आवाज काय उरला होता, तर कुकरची शिट्टी येता येता राहावी तेवढा. मी पुस्तकात वाचलंही होतं हे! कार्डावर लिहून घेतलं होतं, 'फायदे' या मथळ्याखाली.

आई बाहेर आली, आधी मला चाचपून बघितलं, कुठे लागलं का, आणि मग आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी जरा चिडूनच म्हटलं, "आवाज नाही आला तरी मी सहाला येतो हे माहीत आहे ना तुला? घड्याळ बघून उघडायचं गेट." तिने गुडघे चोळले. मग म्हणाली, "तुला खरं सांगू? रागावू नकोस. गाडी कोपऱ्यावर आली की मला वाटायचं, तो आला. मी काय वेडी नाही रे, मला ठाऊक आहे तो नाही ते. पण कोपऱ्यापासून गेटपर्यंत तेवढं ठाऊक नसायचं. मग तू उतरायचास."

मग तू उतरायचास! अहो, दोन वर्षं रोज सहा वाजता ती गेट उघडायची आणि मी आपला खुशाल समजत होतो, माझ्यासाठी उघडते. तिला माझं तोंड दिसलं असावं, कारण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू उतरलास तरी बरंच वाटायचं हो." तरी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि भंगारवाल्याकडे गेलो. सायलेन्सर? तो हसला. दाबून केलेल्या एवढाल्या चौकोनी गठ्ठ्यांचा ढीग दाखवला आणि म्हणाला, "यातल्या कुठल्या तरी एकात असेल." मी दोन तास त्या ढिगापुढे उभा होतो. मग काकांकडे. म्हटलं, काका, तसाच बनवून द्या, पत्रा मी आणतो. काकांनी हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि म्हणाले, "सायलेन्सर बनेल. तो आवाज नाही यायचा. आत काय भरलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत." तुम्हाला सांगतो, माझ्या विचारण्याला तो माणूस पहिल्यांदाच "बघू" म्हणाला नाही.

काकांनी चपटी जाळी वगळून गाडी कशीबशी चालती करून दिली, आणि आता मी गेटपाशी थांबतो. मागची रिक्षा बोंबलते. मी उतरतो, आधी गुडघे, मग बाकीचा, छोट्या दारातून हात घालतो, कडी काढतो, गेट ढकलतो, परत गाडीत बसतो. आई आत बसलेली असते. "आलास?" म्हणते. तिच्या गुडघ्यांना आता आराम आहे, सगळे म्हणतात, बरं झालं.

तर त्या चपट्या जाळीची वॉरंटी मिळते का, म्हणून आज त्या किटवाल्याला फोन केला, आणि तो विचारतो, ब्रेक का नाही मारला. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच, दादा, आई, वीस सेकंद, सगळं. पलीकडे शांतता. मला वाटलं, चला, माणूस आहे, त्यालाही वाईट वाटलं. मग म्हणतो, "साहेब, जुना आवाज पाहिजे का? त्याचंही किट येतं. गाडीखाली स्पीकर बसतो, पाहिजे तो आवाज वाजवतो. जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे?"

नाही हो. सतरा वर्षं रोज कानठळ्या बसल्या, रेकॉर्डिंग कोण करणार?

"मग तेवढं रेकॉर्डिंग तुमचं लागेल साहेब. बाकी किटमध्ये सगळं आहे."

...काय सांगू तुम्हाला. पाठवा म्हटलं.