फोटो खालून ओढ

पिंपळगाव राजातल्या जावेदच्या दुकानात एक संगणक, एक प्रिंटर आणि पाच गिऱ्हाइकं होती. माझा नंबर तिसरा. पुढे कडूबा नावाचे गृहस्थ मुलाला, गोपालला, शेजारी उभं करून त्याचा लग्नाचा बायोडाटा करून घेत होते.

“जावेद, फोटो खालून ओढ बाबू. पोरगं बुटकं दिसून राह्यलं.”

“काका, कोपऱ्याले धरून ओढतो. फोटो मापात वाढते.”

“मापात नाही, उंचीत वाढव. उंचीपायी तीन ठिकाणं हुकले.”

“बाबा, पोरगी मले पाहीनच नं एक दिवस!”

“पाहू दे. पयले उंद्रीचे पोरीवाले घरी बोलावतीन तं!”

“काका, चेहरा काकडीवानी झाला.”

“होऊ दे. शिकलेला दिसते. अजून ओढ.”

“उंची किती लिहू?”

“काऊन लिहितो बे? फोटोत दिसत नाही काय?”

“बाबा, मी स्टेजवर तिच्या बाजूले उभा राहीन तवा?”

“तवा अक्षता पडल्या असतीन. जावेद, काढ प्रिंट.”

प्रिंट निघाली. गोपाल ट्रॅक्टरला टेकून उभा होता. टेबलावर पट्टी होती, ती मी लावून पाहिली. ट्रॅक्टरचं मागचं चाक दोन सेंटीमीटर रुंद आणि तीन सेंटीमीटर उंच भरलं.