ब्रेकरवर टेकलेली तीनचाकी

हॅलो?… हॅलो, विक्की गॅरेजवाला?… कौसल्या बोलून राह्यली… कोन कौसल्या म्हनते! मोटरसायकलले मांगून दोन चाकं लावून तीनचाकी करून देल्ली ना तुनं, दिवाळीच्या आंधी?… हो, तेच. पोलिओवाली. म्हन ना, लाजतं कायले?

नाई, मजेत नाई. ब्रेकरवर हाव मी… ब्रेकरवर रे! आमच्या गावच्या! वणीच्या बाजारात निंगाली होती. पुढचं चाक तिकडं उतरलं, मांगचे दोन इकडं नुसते फिरून राह्यले, अन् मधात गाडीचं पोट टेकलं. मी वर बसून हाव, बांगड्यायची पेटी मांगं, अन् तिच्या मांगं कोळशाचा ट्रक बोंबलून राह्यला. ऐक… ऐकला हॉर्न?

काय?… ब्रेकर छाटून टाका?… नाई, आता तू ऐक. अठीच माही पुतनी गेली ट्रकखाली, वैष्णवी. शाळेतून येत होती. तवा गावानं सोता मुरूम-गोटे आनून हा ब्रेकर टाकला. म्याच म्हनलं होतं, अजून उंच करा. तो बोटभरही खाली होनार नाई. गाडी वर होईन. समजलं?

टायर मोठे?… वा रे वा! मडगार्डले घासतीन ना ते!… सायलेन्सर वर घेतो म्हनते? अबे, सायलेन्सर नाई टेकला, सारा सांगाडाच टेकला! काहून एवढा खाली घेतला?… कोनासाठी सोपं?… माह्यासाठी?

थांब, थांब. पुन्हा सांग. "ताईले चढाले सोपं जाईन म्हनून मांगच्या दोन चाकायचा धुरा स्प्रिंगच्या पाट्यायच्या वर बसवला, तवा गाडी बसकी झाली." हे तू आत्ता सांगतं? मले इचारलं होतं?… नाई ना? लहानपनापासून बैलबंडीवर हातानं चढली मी. तुले माहे पाय दिसले, विक्की. हात नाई दिसले.

एक मिनिट… ओ देवीलालभाऊ! हात नका लावू!… नाई म्हनलं ना एकदा!

हॅलो?… गावातले लोकं आले. गाडीसकट उचलतो म्हनतात… काय 'उचलू द्या ना'! जनमभर उचललंच ना रे मले! शाळेत उचलून, दवाखान्यात उचलून, लग्नाच्या पंगतीत उचलून. कोनाच्या मयतीले गेली तं तठीही, मुडद्याच्या आंधी मीच लोकायच्या खांद्यावर! कोनी उचलू नये म्हनून तं घेतली ही गाडी.

रडून नाई राह्यली! राग येऊन राह्यला मले, राग!

बरं, तू सांग. वजन उतरलं तं पाटे वर येतीन का?… येतीन? पक्कं?… मंग ऐकत राह्य. फोन कापला तं पाह्य. ब्लाउजमधी ठेवून राह्यली…

भाऊ, पेटी तेवढी घ्या… मले नका धरू. सरका… अजून सरका… हं… उतरली. आता ढकला. गाडी ढकला, मले नाई!… जोरानं… हां, हां… निंगाली! लावा तठीच. पेटी ठेवा मांगं. आता बाजूले व्हा सारे… ओ ट्रकवाले, वाजवू नको, तुह्या बापाचा रोड हाय का?… हं… हंऽ…

हॅलो? हाय का रे?… चढली. सोता… काय 'शाब्बास'! तुही शाब्बास तुह्यापाशीच ठेव. आता धुरा पाट्यायच्या खाली घेजो, म्हंजे सांगाडा वर येईन… सीट उंच होईन तं होऊ दे. चढाचं माह्यं मी पाहीन… उद्या? उद्या नाई, आज. बाजार मंग, पयले तुह्या दुकानात येऊन राह्यली.

नागपूरले चालला?… अबे, आत्ता तं नाई सांगतलं!… हॅलो?… शटरचा आवाज येऊन राह्यला मले, विक्की. खाली ओढू नको… ओढ मंग, ओढ! शटरच्या समोर पायरीवर बसून राहीन. पाहू मले तठून कोन उचलते. ठेवते.