अण्णाच्या सदऱ्यातली सूर्यफुलं

...आणि ती मधमाशी, तुमाला सांगतो, सरळ उद्धवरावच्या शेतातून यायची! पायाला त्याच्या फुलांचं पिवळं पीठ फासून! आमच्या फुलावर बांधलेल्या फडक्याला भोक हुडकायची, निर्लज्ज! तिला बांध कळतो का? ह्याच बांधापायी आमचा थोरला भाऊ, अण्णा, जिता होता तोवर उद्धवरावशी भांडला. दोन वर्षं झाली, हुमनाबादच्या चौकात लॉरीनं नेलं त्याला. मागं राहिलं एक गाठोडं, त्यानं निवडून ठेवलेलं सूर्यफुलाचं बी. परातीएवढं फूल यायचं! मी म्हणलं, ह्याच्यात परक्याचा कण मिसळू देणार न्हाई!

मग अण्णाचे सदरेच फाडले. आई ओरडायली, "अरं कामून फाडायलास, त्याचा वास हाय त्यात!" म्हणून तर फाडले! एकेका फुलावर एकेक बाही चढवली, सुतळीनं आवळली. आतल्या आत धरू दे बी! तेच पेरलं, पुन्हा बाह्या. वर्षाला दोन पिकं, असे चार हंगाम! पहिल्यांदा डोक्यावर गेलेलं पीक दुसऱ्यांदा खांद्याला, मग कमरेला... चौथ्यांदा गुडघ्याला! फूल बशीएवढं, अन् बी फोडलं तर आत हवा! तेल काय, कपाळ निघतंय!

कृषी खात्याच्या हर्षिता मॅडम आल्या. म्हणे, "शिवप्रसाद, घरातल्या घरातच लग्नं लावायलास झाडांची. दर पिढीला खुरटणारच. बाह्या काढ."

मी म्हणलं, "आमच्या बापानं सख्ख्या बहिणीची पोर बायको केलीय. आमी कुठं खुरटलो?"

मॅडमनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. लई वेळ लागला न्हाई त्यांना... जाऊ द्या! परक्याचा कण मिसळू देणार न्हाई म्हणजे न्हाई!

पण अवंदा उगवली किती? अकरा झाडं! हीबी पोची निघाली, तर अण्णाचं काय उरलं मला? सांगा की! ...आज सकाळी गेलो, सगळ्यांना शिव्या घालत, लॉरीला, मॅडमला, अण्णालाबी, एकेक बाही सोडली.

बांधावर उद्धवराव उभाच! "काय रे शिव्या, शेवटी आमच्यातच सोयरीक केलास व्हय?"

शिवी पार ओठांवर आली होती. तेवढ्यात त्याच्याकडची माशी आली अन् अण्णाच्या फुलावर बसली, चांगली ऐसपैस. गिळली शिवी. म्हणलं, "व्हय काका. सांभाळून घ्या, आमी पडलो पोरीकडचे."