इंजिनघरातला नमस्कार

नाही, पण मला सांगा, वडीलधाऱ्या माणसाच्या पाठीमागं उभं राहून बोलायचं तरी कसं? डॉक्टरांचं काय जातंय, 'जयंतबाबू, इनके पीछे खड़े होकर धीरे से कुछ बोलिए.' अहो, खुर्चीत कोण बसलंय? भय्यासाहेब, आमच्या हिचे सख्खे काका, ज्यांनी मला पुतणी दिली, ज्यांनी मला या गिरणीत चिकटवलं... आणि त्यांच्या घरची रीतच अशी, की आधी समोर यायचं, वाकून नमस्कार करायचा, मग तोंड उघडायचं. आमची ही, विजया, तेच करते, तिची आई तेच करते, पाहुणेसुद्धा तेच करतात. मग करायचं काय माणसानं?

तुम्हाला सांगतो, मी आपला सुखात टाइमकीपर होतो. ग्वाल्हेर संस्थान गेलं, मध्यभारत आला, मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, माझी खुर्ची कुणी हलवली नाही. आणि मग हा कायदा... प्रत्येक माणूस कामाला फिट आहे का बघा, धोका कुठं आहे बघा. मॅनेजर म्हणाले, 'सेफ्टी आप देखिए जयंतबाबू, आप आदमी सीधे हैं.' सीधे म्हणजे काय ते तुम्हाला कळलं, मला तेव्हा कळलं नाही.

भय्यासाहेब इंजिनघरात. काम तसं एकच. खात्यात कुणी इंजिनाच्या पट्ट्यात अडकलं की धोक्याची घंटा होते, ती ऐकायची आणि इंजिन बंद करायचं. म्हणून कान तपासायचे. तर डॉक्टर पुढच्या माणसाची जीभ बघायला वळले, आणि मला काही पाठीमागं राहवेना, मी आलो समोर, वाकलो, म्हटलं, 'महाकाल.' भय्यासाहेब म्हणाले, 'महाकाल.' डॉक्टर तिकडूनच म्हणाले, 'फिट!'

पुढच्याच आठवड्यात घंटा झाली. मी नेमका इंजिनघराच्या दारात. घंटा कसली, पार गावात देवास गेटला ऐकू जावी अशी, आणि भय्यासाहेब भिंतीकडं तोंड करून सुपारी कातरतायत. मी हाका मारतोय... काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. रीत कसली, हा माणूस ठार बहिरा आहे, समोरच्याचे ओठ वाचतो, आणि अख्खं घर इतकी वर्षं उगाच वाकतंय! इंजिन कसं थांबवतात ते मला बिलकुल येत नाही. धावत समोर गेलो, आणि सवय बघा मेली, आधी वाकलो. तिकडं माणूस अडकलाय आणि मी पाया पडतोय. मग सांगितलं. इंजिन थांबलं. सुधाकर म्हणून विणकर, त्याची बाही फाटली, हात वाचला. पण मी घाबरलो हो, मनापासून घाबरलो. जेवायला बसलो तरी सारखा तो हात दिसायचा.

विजयाला सांगितलं. 'काकांना अनफिट म्हणालात तर मी चालले माहेरी.' माहेर कुठं? आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. म्हणजे तिचं रडणं मला दिवसभर ऐकू येणार, भय्यासाहेबांना नाही. मॅनेजरकडं गेलो. ते म्हणतात, 'कान आपने जँचवाए, अब बहरा भी आप ही बता रहे हैं? तो आप ही बैठिए उनके पास.' झालं. तेव्हापासून मी इंजिनघरात, स्टुलावर. घंटा झाली की उठा, समोर जा, वाका, सांगा. कंबर गेली माझी. पण उठून जाऊ तर तो हात... करायचं काय माणसानं?

काल शेवटी धीर केला. समोर गेलो, वाकलो, म्हटलं, "भय्यासाहेब, रागावू नका, पण तुम्हाला ऐकू येत नाही. एखाद दिवशी कुणाचा तरी हात जाईल. आता काम सोडा."

भय्यासाहेबांनी शांतपणे सुपारी तोंडात टाकली. "मला काय मालूम नाही का रे, जयंता? तुझ्या लग्नाआधीपासून येत नाही. विजयाला इंदूरच्या वकिलाचं स्थळ सांगून आलं होतं. घरचा तांगा होता त्यांचा. मी नको म्हटलं. वकील काय इंजिनघरात येऊन बसणार? मग तू आलास मुलगी बघायला. मी आत सांगून ठेवलं होतं, पोहे दिले की पाठीमागनं एक परात पाडा. परात पडली. तू केवढा दचकलास."

"मग?"

"मग काय, तिथंच तुला फिट केला."

नमस्काराला वाकलोच होतो, तसाच मागं सरकून स्टुलावर बसलो.