तात्यांच्या खिशातलं कुलूप

त्या म्हाताऱ्या तात्यांवर मला पहिल्यापासून डाऊट होता, खोटं कशाला बोलू! टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी केली आणि पहिल्याच रविवारी राजगुरुनगरच्या पुढं तात्यांच्या शेतावर लावली. त्यांच्या मीटरवरून वायर ओढून गाडीत लाइट घेतली. फॅन फिरायला लागला. लोंबणारी वायर बांधायला मी गाडीखाली शिरलो, की लाइट गायब. बाहेर आलो, की हजर. असं तीनदा झालं!

बायको म्हणाली, "तात्या दर वेळी खिशातलं कुलूप घेऊन मीटरकडं जातायत. तोंडावर हो म्हणतात आणि मागून लाइट तोडतात."

माझं डोकंच फिरलं. "तात्या, लाइट द्यायची नसेल तर तसं सांगा ना!"

"व्हय, मीच बंद करतो," तात्या शांतपणे म्हणाले. "तू खाली शिरला की मेन स्विच बंद, वर कुलूप, चावी माझ्या खिशात. चाकणला कंपनीत मेंटेनन्सला होतो. लाइनीवर माणूस हाय हे न बघता एकानं मेन चालू केला. माझा जोडीदार शॉक लागून गेला."

मी परत गाडीखाली शिरलो. वरचा फॅन थांबल्याचं ऐकलं, मगच वायरीला हात लावला.