जुन्या पात्रातली वसाहत

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य व्हिटेकर, आमच्या भूगोलाच्या प्राध्यापिका लोर्ना बेटनकोर्ट, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्याबरोबर कम्युनिटी कॉलेज सोडून विद्यापीठात निघालेले सोबती आणि कामाचे कपडेही न बदलता आलेले आमचे वसाहतवाले,

मी डेल्फिना आरोयो. वय एकोणचाळीस. बोलायचा मान मला दिलात, आभारी आहे. खरं तर मला खुर्ची दिली असतीत तरी चाललं असतं.

विद्यापीठात मला गेल्या वर्षीच जागा मिळाली होती, हे कित्येकांना ठाऊक नसेल. फक्त शेवटचं सत्र पार पाडायचं होतं. बेटनकोर्टबाईंनी काम दिलं, आपल्या भागातल्या नदीचं जुनं पात्र शोधा. मी शोधलं. ते नेमकं आमच्या वसाहतीखालून जात होतं, आणि मोठा पूर आला की नदी जुनीच वाट धरते! अशा वेळी माणसानं काय करावं? चांगले गुण घेऊन गप्प बसावं?

मी दारोदार फिरले. शेजारचे एउसेबिओ आजोबा म्हणाले, "अगं पोरी, नळाला पाणी नाही आणि तू पुराच्या गप्पा मारतेस?" माझी सख्खी बहीण येसेनिया म्हणाली, "चार पुस्तकं काय वाचलीस, आम्हाला घराबाहेर काढायला निघालीस!"

मग डोंगरात पावसानं मुक्काम ठोकला. मी पुन्हा दारं वाजवली, विनवण्या केल्या, शेवटी भांडले. एकेक घर रिकामं झालं; आजोबाही शिव्या देत का होईना, गाडीत बसले. पहाटे नदीचा बांध फुटला. घरं गेली, आमचंही गेलं. माणूस मात्र एकही गेला नाही.

पुढचे दिवस मी शाळेच्या व्यायामशाळेत म्हाताऱ्यांची अंथरुणं घालत होते. परीक्षा तेव्हाच होती. मी नापास झाले, आणि विद्यापीठानं जागा काढून घेतली. नियम होता, त्यांना दोष देत नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी वाटलं, पुरे झालं आता.

येसेनियानं पुरानंतर भाड्यानं घेतलेल्या खोलीत जमिनीवर पडले होते. आई म्हणाली, "रडून झालं?"
"नाही."
"मग रड. आणि सोमवारी वर्गात जाऊन बस."

बसले. त्याच वर्गात, तोच विषय, वर्षानं लहान असलेल्या मुलांत नव्हे, अर्ध्या वयाच्या मुलांत. बाई, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की परत का आलीस. त्याबद्दल आभार.

यंदा पास झाले, विद्यापीठानं पुन्हा जागा दिली. उद्या निघते आहे. आनंद झाला का, म्हणाल तर झाला असावा. झोप पुरी झाली की कळेल.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि एक विनंती. फळं भरण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून माझी आई थेट इथं आली आहे. तिसऱ्या रांगेत तिला आत्ताच डोळा लागलाय. टाळ्या तेवढ्या हळू वाजवा.