घरगुती वापराला बास

‘मुद्दाम हलका घेतलाय गं आई. चार दिस अडकंल, मग आपसूक काम सोडंल’ — असं हे म्हणाले, दादा, सासूबाईंना, ओट्यावर बसून. आणि मी मोरीत भांडी घासत होते, मधे नुसतं पत्र्याचं दार. — नाही, तुमच्यावर राग नाही, तुम्ही दुकानदार, गिऱ्हाईक मागेल ते देणार. एवढंच सांगा, ह्या लॅपटॉपची मेमरी वाढवता येते का? — नाही? बोर्डालाच बसवलेली? — बरं. म्हणजे जन्माला आला तेवढाच.

‘घरगुती वापराला बास आहे’ म्हणता — आहेच की, नाही कशाला म्हणू? सातबारा उघडतो, बारशाचे फोटो दिसतात, सासूबाईंची भजनं तर काय झकास वाजतात. शेजारच्या सुलक्षणाताईंना मीच म्हणेन, हाच घ्या. पण मी घरांचे नकाशे काढते हो, इथल्या वेल्ह्यातल्याच इंजिनिअरसाहेबांसाठी, लग्नाआधीपासून. दुसरा मजला काढायला घेतला की हा घुरघुरतो आणि जिना अर्धवट ठेवून बसून राहतो — माणूस वर जायला निघावा आणि मधेच विचारात पडावा, तसा.

लग्नाच्या बैठकीत सुपारी कातरता कातरता हे स्वतःच म्हणाले होते, काम बंद नाही करायचं, आमच्या पासलीतनं घरबसल्या कर, लॅपटॉप मी घेतो. कुठला लागतो ते मी मोबाईलवर लिहून पाठवलेलं. — तुम्हाला दाखवलंच नाही? — हं. कशाला दाखवतील.

आणि माझी अक्कल बघा. खोकं फोडलं तेव्हा मी ह्याला कुंकू लावलं — हे काय, झाकणावर अजून आहे — आणि जमलेल्या बायका सोडेनात म्हणून नावही घेतलं, ‘खाचरात भात, बांधावर नाचणीची रोपं, स्वरूपरावांनी केलं माझं काम सोपं.’ काय हसल्या सगळ्या. हेही हसले. — नंतर साहेबांचा फोन आला की मी म्हणायची, लाईट नव्हती सर. दर वेळी लाईट. महावितरणला शिव्या खायला लावल्या, पण ह्यांना बोल लागू दिला नाही. साहेब म्हणालेही, हापिसात ये, कॉम्प्युटर मोकळाच असतो. मीच नको म्हणाले — ह्यांनी एवढ्या हौसेनं आणलाय, ह्यांना काय वाटेल — हौसेनं, म्हणाले मी, दादा, साहेबांना —

काही नाही हो. धूळ आहे तुमच्या दुकानात.

आले वाटतं. ह्यांच्याच गाडीचा आवाज. सासूबाई आहेत मागं, बाजार करून आल्या. द्या तो इकडं. — नको, बदलूनही नको. चला.

— आई, हा धरा, पिशवीत नीट ठेवा. भजनं छान वाजतात, घरगुती वापराला बास आहे. — आणि अहो, तुम्ही व्हा पुढं. मी साहेबांच्या हापिसात चाललेय. उद्यापासून रोज सकाळच्या एस्टीनं येणार मी हितं. जिना अर्धा राहिलाय माझा.